काठी, काच आणि काळं ऑइल
मोटरसायकलच्या इंजिन ऑइलच्या तपासणीविषयी काय ठरलं आहे, काय ठरायचं आहे

मोटरसायकलच्या इंजिनात ऑइल किती आहे आणि ते अजून कामाचं आहे का, हे दोन प्रश्न वरकरणी मिनिटभराचे वाटतात. पण त्यांवर गॅरेजवाले, कंपन्यांचे इंजिनिअर आणि वर्षानुवर्षं गाडी चालवणारे लोक यांचं अजून एकमत नाही. ऑइल इंजिन गरम असताना पाहायचं की थंड असताना? डिपस्टिक आट्यांत फिरवून बसवायची की नुसती टेकवायची? काळं झालेलं ऑइल बाद समजायचं का? आणि बदलायचं ते किलोमीटर मोजून की महिने मोजून?

जर्मनीतल्या इंगोलश्टाटमध्ये या प्रश्नांना आणखी एक पदर आहे. डॅन्यूब नदीकाठचं हे बव्हेरियन शहर ऑडीचं मुख्य ठाणं. इथल्या कारखान्याच्या आणि टेक्निकल विद्यापीठाच्या निमित्ताने बरेच भारतीय, त्यांत मराठी मंडळीही, इथे येऊन राहतात. पुण्याच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या उन्हात शिकलेल्या सवयी घेऊन आलेल्या माणसाची गाठ इथे शून्याखालच्या हिवाळ्याशी आणि चार-पाच महिने बंद उभ्या राहणाऱ्या गाड्यांशी पडते. तिथलं किती इथे लागू पडतं, हे ठरवण्यासाठी या चर्चेचा मुळापासून आढावा घेतलेला बरा.

पार्श्वभूमी : ऑइल पाहावंच लागत नसे तो काळ

इंगोलश्टाटची आजची ओळख चारचाकीची असली, तरी दुसऱ्या महायुद्धानंतर इथला वाहन उद्योग दुचाकीच्याही आधाराने उभा राहिला. ऑडीची पूर्वज असलेल्या ऑटो युनियन कंपनीचे मूळ कारखाने सॅक्सनीत होते. ते सोव्हिएत ताब्यात गेल्यावर ३ सप्टेंबर १९४९ रोजी इंगोलश्टाटमध्ये कंपनी नव्याने स्थापन झाली. तिची सुरुवातीची दोनच उत्पादनं होती : एक मालवाहू व्हॅन आणि डीकेडब्ल्यू आरटी १२५ डब्ल्यू ही मोटरसायकल. १२३ सीसीच्या या टू-स्ट्रोक गाडीचं मूळ डिझाइन युद्धापूर्वीचं, सॅक्सनीतल्याच झोपाउच्या कारखान्यातलं. ब्रिटनची बीएसए बँटम, अमेरिकेतली हार्लेची छोटी १२५ आणि १९५५ सालची यामाहाची पहिली मोटरसायकल वायए-१ या सगळ्या त्याच घराण्यातल्या.

या गाडीत इंजिन ऑइलची पातळी पाहण्याचा प्रश्नच नव्हता. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग, म्हणजे लिटरमागे ४० एमएल. ते पेट्रोलबरोबर जळून जायचं. तपासायचं ते फक्त गिअरबॉक्सचं ऑइल. महाराष्ट्रातल्या एका पिढीला हा हिशेब तोंडपाठ आहे. राजदूत, येझदी, बजाज चेतक या साऱ्या टू-स्ट्रोक गाड्या. पंपावर पेट्रोलबरोबर ऑइल मोजून टाकलं की काम झालं. चूक झालीच, तर ती मिश्रणाच्या प्रमाणात व्हायची.

ही मिसळण्याची कटकट वाचवण्याचा एक प्रयत्न इंगोलश्टाटमध्येच झाला आणि आजच्या चर्चेत तो आठवण्याजोगा आहे. कंपनीच्याच डीकेडब्ल्यू नावाच्या टू-स्ट्रोक मोटारगाड्यांत १९६१च्या सुमारास ‘ल्युब्रिमॅट’ नावाची यंत्रणा आली. वेगळ्या टाकीतलं ऑइल पंप आपणहून इंजिनला पुरवणार आणि चालकाने फक्त टाकी भरलेली ठेवायची, अशी ती सोय होती. १९६२-६३चा हिवाळा युरोपात फार कडक गेला. थंडीत ऑइल घट्ट झालं, पुरवठा अपुरा पडला आणि इंजिनं निकामी झाली. टाकीत ऑइल असूनही ते जिथे हवं तिथे पोचत नव्हतं. पातळी आणि वंगण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्या हिवाळ्याने दिला. पुढे १९६५ साली चार-स्ट्रोक इंजिनाची गाडी ऑडी नावाने आली आणि इंगोलश्टाटचं टू-स्ट्रोक युग आवरलं. मोटरसायकलचं उत्पादन त्याआधीच, १९५८मध्ये, न्यूर्नबर्गच्या त्स्वायराट युनियनकडे गेलं होतं. दुचाकीशी ऑडीचं नातं पुन्हा जुळलं ते २०१२मध्ये, बोलोन्याची डुकाटी विकत घेतली तेव्हा.

भारतात हा पालट १९८५मध्ये हीरो होंडा सीडी १००ने सुरू केला. ‘फिल इट, शट इट, फरगेट इट’ ही तिची जाहिरात पेट्रोलबद्दल होती. पण चार-स्ट्रोक इंजिनात ऑइल जळून जात नाही. तेच ते खाली साठून पुन्हा पुन्हा फिरतं, कमी होत जातं, मळतं. म्हणजे विसरायची मुभा देणाऱ्या गाडीबरोबरच ऑइल आठवणीने पाहायची जबाबदारी पहिल्यांदा सर्वसामान्य चालकावर आली. २००१मध्ये पल्सर आली, गाड्यांची ताकद वाढली, इंजिनं अधिक तापू लागली आणि ही जबाबदारी अधिक गंभीर झाली.

मोटरसायकलचं ऑइल वेगळं का

बहुतेक मोटरसायकलींत एकाच ऑइलवर तीन कामं असतात : इंजिनाचं वंगण, गिअरबॉक्सचं वंगण आणि ऑइलमध्ये बुडालेल्या क्लच प्लेटा सांभाळणं. गिअरचे दात ऑइलमधले जाडी टिकवणारे लांब रेणू अक्षरशः कापत राहतात. त्यामुळे मोटरसायकलचं ऑइल मोटारीच्या मानाने लवकर पातळ होतं. शिवाय मोटारीच्या ऑइलमध्ये इंधन वाचावं म्हणून घातलेली घर्षण कमी करणारी द्रव्यं इथे क्लच घसरवू शकतात. म्हणून जपानमध्ये १९९८ साली जासो टी ९०३ हे मानक तयार झालं. एमए आणि एमए-२ हे वर्ग ओल्या क्लचच्या मोटरसायकलींसाठी आहेत आणि एमबी हा वर्ग, क्लच कोरडा असल्याने, प्रामुख्याने गिअरविरहित स्कूटरसाठी. स्कूटरचा उरलेला डबा मोटरसायकलीत रिकामा करू नये, हे याचंच कारण. या मुद्द्यावर आता कुठलाही वाद नाही.

शिवाय मोटरसायकलीची ऑइलची क्षमताही फार कमी असते. शंभर-सव्वाशे सीसीच्या भारतीय गाडीत साधारण एक लिटर ऑइल असतं. त्यातलं तीनशे एमएल गेलं तर जवळपास तिसरा हिस्सा गेला. उरलेलं ऑइल जास्त तापतं, जास्त वेळा फिरतं आणि लवकर थकतं.

पातळी : गरम की थंड, सरळ की तिरकी

पातळीबाबत तीन मतप्रवाह दिसतात.

पहिलं मत थंड तपासणीचं. रात्रभर उभ्या गाडीत सगळं ऑइल खाली उतरलेलं असतं, मोजणी सोपी आणि दर वेळी सारखी होते, हात भाजत नाही. जुने मेकॅनिक बहुधा याच बाजूचे.

दुसरं मत गरम तपासणीचं. ऑइल तापल्यावर प्रसरण पावतं आणि फिल्टर, नळ्या भरून घेतं. म्हणून कामाच्या तापमानाची पातळी हीच खरी. होंडा आणि हीरोच्या रोजच्या वापरातल्या गाड्यांची पद्धत याच विचाराची आहे : इंजिन तीन ते पाच मिनिटं चालू ठेवायचं, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबायचं, मग पाहायचं. ऑइलची वेगळी टाकी असलेल्या इंजिनांत तर गरम तपासणीला पर्यायच नाही. जुनी बुलेट, बीएमडब्ल्यूची एफ ६५० किंवा अनेक हार्ले उभ्या असताना ऑइल टाकीतून हळूहळू इंजिनाच्या तळाशी झिरपतं. थंडपणी डिपस्टिक कोरडी दिसते, माणूस घाबरून ऑइल ओततो आणि गाडी चालू झाल्यावर टाकी वरपर्यंत भरते.

तिसरं मत मधलं आहे : कुठलीही पद्धत धरा, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलीच धरा. कारण वरच्या आणि खालच्या खुणा कंपनीने त्या पद्धतीसाठीच आखलेल्या असतात. हे मत आता सर्वाधिक मान्य आहे आणि त्यामागचं कारण प्रत्यक्ष पाहिलं की पटतं.

भारतीय कम्यूटर गाडी समोर घ्या. तिची डिपस्टिक बहुधा इंजिनाच्या उजव्या अंगाला असते. गाडी साइड स्टँडवर डावीकडे कलते, ऑइल डावीकडे सरकतं आणि काठीवर पातळी कमी दिसते. चालक वरून भर घालतो आणि ऑइल जास्त होतं. उलट चूक आट्यांची. होंडाच्या पद्धतीत काठी पुसून नुसती भोकावर टेकवायची असते. ती आटे फिरवून पूर्ण बसवली, तर तेवढी खोल जाते आणि पातळी आहे त्याहून जास्त दिसते. आट्यांची उंची आणि दोन खुणांमधलं अंतर यांत फारसा फरक नसतो. त्यामुळे खालच्या खुणेपाशी आलेलं ऑइल भरपूर असल्याचा भास होतो. काही कंपन्या मात्र काठी फिरवून बसवूनच मोजायला सांगतात आणि हार्लेच्या अनेक गाड्यांची मोजणी चक्क साइड स्टँडवर होते. एका गाडीची शिस्त दुसरीला लावली, तर नीट केलेली तपासणीही चुकीचं उत्तर देते.

जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षितता, हा समजही या चर्चेत वारंवार येतो. तो टिकत नाही. पातळी फार वर गेली की फिरता क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो, फेसाने दाब नीट तयार होत नाही. वाफेच्या नळीतून ऑइल एअर फिल्टरपर्यंत जातं आणि सील गळू लागतात. म्हणून दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेकडे झुकतं माप, यावर सगळ्या बाजूंचं एकमत आहे.

काठी, काच की स्क्रीन

डिपस्टिक स्वस्त, टिकाऊ आणि दुहेरी उपयोगाची आहे : पातळीबरोबर ऑइलचा थेंबही हाती येतो. इंजिनाच्या बाजूची गोल काच वापरायला सोपी, झाकण उघडावं लागत नाही आणि धूळ आत जात नाही. डुकाटी, केटीएम, रॉयल एनफिल्ड आणि बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांत ती आहे. पण गाडी अगदी सरळ धरावी लागते. मेन स्टँड नसेल तर दुसरा माणूस लागतो, किंवा एका हाताने हँडल धरून खाली वाकावं लागतं. शिवाय काही वर्षांनी काच पिवळी पडते आणि तिच्यावर बसलेला थर ऑइल असल्याचा आभास देतो. अशा वेळी गाडी हलकेच डोलवावी. रेघ हलली तर ते ऑइल, नाही तर डाग.

तिसरा पर्याय सेन्सरचा. ऑडीच्या २००७-०८च्या सुमारास आलेल्या ए-४ पिढीपासून अनेक मोटारींत हाताने पाहायची काठी उरली नाही. पातळी स्क्रीनवर दिसते. बीएमडब्ल्यूच्या काही मोठ्या मोटरसायकलींतही स्क्रीनवर ऑइलची पातळी कळते, पण तिथे काच कायम ठेवली आहे. सेन्सरच्या समर्थकांचं म्हणणं असं की बहुतेक लोक काठी पाहतच नाहीत, म्हणून आपणहून इशारा देणारं यंत्र जास्त इंजिनं वाचवतं. विरोधकांचं म्हणणं असं की सेन्सर रंग आणि वास सांगत नाही आणि तो बिघडला तर चालकाजवळ दुसरं साधन राहत नाही. दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे.

एक गैरसमज मात्र दोन्ही बाजू एकमुखाने खोडून काढतात. डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा पातळीचा नसतो, दाबाचा असतो. तो चालत्या गाडीत पेटतो तेव्हा बेअरिंगला ऑइल मिळणं आधीच तुटलेलं असतं. तत्क्षणी इंजिन बंद करायचं. भारतातल्या बहुतेक लहान गाड्यांत तर तो दिवाही नाही.

अवस्था : डोळा, बोट आणि नाक यांची मर्यादा

ऑइल किती, हे ठरवायला खुणा आहेत. ते कसं आहे, हे ठरवताना मतभेद वाढतात.

‘ऑइल काळं पडलंय, बदलायला झालं,’ हे गॅरेजमधलं सर्वात परिचित वाक्य. अनुभवी मेकॅनिकची नजर टाकाऊ नसते. पण रंगाबाबत रसायनशास्त्र वेगळं सांगतं. ऑइलमध्ये मळ धुणारी आणि मळ तरंगत ठेवणारी द्रव्यं असतात. ती जळणाची काजळी स्वतःत सामावून घेतात, म्हणून ऑइल काळवंडतं. लवकर काळं होणारं ऑइल अनेकदा आपलं काम चोख करत असतं, आणि स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलची जाडी गिअरने कधीच कापून टाकलेली असू शकते.

बोटांत चोळून जाडी पाहण्याचंही तसंच. वंगणाचा वर्ग १०० अंश सेल्सिअसला मोजतात. एसएई ५० म्हणजे त्या तापमानाला १६.३ ते २१.९ सेंटीस्टोक्स. त्याखाली घसरलं की ते ४० वर्गाचं झालं. हा फरक बोटाला कळत नाही.

मग हाताने तपासण्यात अर्थ काय? उत्तर असं की भेसळ ओळखायला इंद्रियं फार चांगली आहेत. दुधाळ किंवा कॉफीसारखं ऑइल म्हणजे पाणी. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात ते कूलंट असू शकतं आणि तसं असेल तर गाडी चालवू नये. पेट्रोलचा वास आणि *वाढलेली* पातळी म्हणजे पेट्रोल आत उतरतंय. कार्बुरेटरच्या जुन्या गाड्यांत हे नेहमीचं दुखणं. ऑइल आपोआप वाढत नाही, त्यामुळे वाढलेली पातळी घटलेल्या पातळीहून अधिक काळजीची. बोटांना कचकच लागली तर धूळ किंवा धातू. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी, मऊ लेप बसणं नेहमीचं. तुकडे किंवा चमकत्या पापड्या दिसल्या तर इंजिन उघडण्याची वेळ आली.

इंगोलश्टाटच्या हिवाळ्यात यातल्या एका खुणेचा अर्थ बदलतो. थंडीत घर ते ऑफिस अशा छोट्या फेऱ्या मारल्या की ऑइल पुरेसं तापत नाही, जळणातून आलेली वाफ उडून जात नाही आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळसर साय धरते. ती पाहून हेड गॅस्केट गेलं असं लगेच मानू नये. अर्धा-पाऊण तास गाडी नीट चालवली आणि साय विरली, काठीवरचं ऑइल स्वच्छ असलं, तर ती थंडीची वाफ होती. साय परत परत आणि काठीवरही दिसली, तर गॅरेज गाठावं.

मधला मार्ग म्हणून एक घरगुती चाचणी सांगितली जाते : गरम ऑइलचा एक थेंब फिल्टर पेपरवर सोडायचा आणि काही तास आडवा ठेवायचा. मळ बाहेरपर्यंत एकसारखा पसरला तर मळ तरंगत ठेवणारं द्रव्य शाबूत आहे. मध्ये दाट काळा ठिपका, त्याची कडा ठसठशीत आणि भोवती फिकट वर्तुळ असेल, तर ते संपत आलं आहे. ही चाचणी डोळ्यापेक्षा सरस, पण जाडी तीही सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. बव्हेरियातच ब्रानेनबुर्गला ऑइल तपासणारी ओएलचेक ही प्रयोगशाळा आहे. जाडी, आम्ल पचवण्याची उरलेली क्षमता आणि झिजलेल्या धातूंचं प्रमाण अशा ठिकाणी मोजून मिळतं. मोठ्या यंत्रांसाठी हे सर्रास होतं. एक लिटर ऑइलच्या गाडीसाठी मात्र तपासणीचा खर्च नव्या ऑइलपेक्षा जास्त होतो, म्हणून त्याचा उपयोग काहीतरी बिघडल्याची शंका असेल तेव्हाच.

कधी बदलायचं

बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, डुकाटीच्या सध्याच्या अनेक गाड्यांना १५,००० किलोमीटर किंवा दोन वर्षं अशी मुदत कंपनी देते. महाराष्ट्रातला मेकॅनिक दोन-तीन हजार किलोमीटरला ऑइल बदलायला सांगतो. कंपनीची बाजू अशी की आजची सिंथेटिक ऑइलं आणि अचूक मापांची इंजिनं दीर्घ मुदत पेलतात. मेकॅनिकची बाजू अशी की चाळीस अंशांचं ऊन, धूळ आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमधली ट्रॅफिक मॅन्युअलच्या सरासरीत बसत नाही. बहुतेक मॅन्युअलमध्ये कठीण वापरासाठी मुदत कमी करायची सूचना असते. ती लक्षात घेतली तर दोन्ही बाजू दिसतात तितक्या दूर नाहीत.

इंगोलश्टाटमधला खास प्रश्न हिवाळ्याचा. जर्मनीत १९९७पासून हंगामी नंबरप्लेट मिळते. मार्च ते ऑक्टोबर अशा ठरावीक महिन्यांपुरतीच गाडी रस्त्यावर असते. मग ऑइल गाडी झाकण्याआधी बदलायचं की वसंतात? आधी बदलणाऱ्यांचं म्हणणं : जुन्या ऑइलमधली आम्लं, पाणी आणि पेट्रोल चार महिने बेअरिंगवर बसून राहू नयेत. नंतर बदलणाऱ्यांचं म्हणणं : बंद काळात ओलावा धरतोच, तर हंगाम ताज्या ऑइलवर सुरू व्हावा. पहिल्या बाजूचं कारण अधिक भक्कम वाटतं. पण कोरड्या, उबदार गॅरेजात किती फरक पडतो याचा निवाडा झालेला नाही. मध्येच पाच मिनिटं इंजिन चालू करून ‘गरम ठेवणं’ मात्र दोन्ही बाजूंना अमान्य आहे. त्याने वाफ आणि पेट्रोल आत जमतं, बाहेर पडत नाही. सुट्टीत दोन-तीन महिने गावी जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या चालकालाही हे जसंच्या तसं लागू.

कायद्याची चौकट

जर्मनीत मोटरसायकलची मुख्य तपासणी दर दोन वर्षांनी होते आणि गळणारं ऑइल त्यात दोष धरला जातो. त्यामुळे पातळी का घटते हा प्रश्न इथे खिशाबरोबर परवान्याचाही होतो. १९८७पासूनच्या नियमांनुसार ऑइल विकणाऱ्याने तेवढंच वापरलेलं ऑइल मोफत परत घ्यायचं असतं. म्हणून खरेदीची पावती जपून ठेवावी. भारतात वापरलेलं ऑइल २०१६च्या घातक कचरा नियमांखाली येतं आणि १ एप्रिल २०२४पासून उत्पादकांवर ते गोळा करून पुनर्वापरात आणण्याची जबाबदारी आली आहे. चौकातल्या गॅरेजपर्यंत ही साखळी कशी पोचणार, हा पुढच्या काळातला महत्त्वाचा प्रश्न आहे.

काय ठरलं, काय उरलं

आजघडीला चार गोष्टी ठरल्यासारख्या आहेत. पातळी मॅन्युअलच्याच पद्धतीने पाहायची. दोन खुणांच्या बाहेर जाऊ द्यायची नाही. रंग हा एकटा निकष नाही. आणि ऑइलचा वर्ग गाडीला सांगितलेलाच हवा. तीन गोष्टी अनिर्णित आहेत : भारतीय वापरात दीर्घ मुदती किती टिकतात, हिवाळ्याआधी की नंतर, आणि सेन्सर आल्यावर हाताची तपासणी किती उरावी.

या सगळ्यातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. एकदा पाहिलेली पातळी फार थोडं सांगते. बोलतो तो दोन तपासण्यांमधला फरक. दर वेळी त्याच जागी, त्याच तऱ्हेने पाहिलं आणि किलोमीटरसह एका ओळीत लिहून ठेवलं, तर हजार किलोमीटरला शंभर एमएल पिणारी गाडी अचानक तीनशे प्यायला लागल्याचं आवाज येण्याआधी कळतं, आणि पातळी वाढली तर तेही. ल्युब्रिमॅटच्या हिवाळ्यात यंत्रावर सगळं सोपवणं महागात पडलं होतं. काठी असो, काच असो की स्क्रीन, नोंद ठेवणाऱ्या चालकाच्या हातात या तिन्हींचं मोल वाढतं. पंधरवड्यातून एकदा, इंगोलश्टाटला किंवा इचलकरंजीला, ही दहा मिनिटं काढणं हाच या वादातला आज सर्वांना परवडणारा भाग आहे.